भनपुरीत काय आहे?

"भनपुरीत काय आहे? धूर आणि ट्रक!" आमच्या मंडळातील एका गृहस्थांनी परवा असा निकाल दिला आणि सभेने तो हसत हसत मान्य केला. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करतो आणि भनपुरीसच भाड्याने राहतो. तेव्हा या निकालाविरुद्ध दाद मागणे आम्हांस भाग आहे.

धूर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. सकाळी वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काजळी घेऊन घरात येतो. उरला-सिलतऱ्याकडे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, रोलिंग मिल आहेत. परंतु भनपुरी, बीरगाव, उरला, सिलतरा ही नावे कोणा कारखानदाराने ठेवलेली नव्हेत. खारून नदीच्या खोऱ्यात धान पिकविणाऱ्या जुन्या गावांची ती नावे होत. आज तेथे छत्तीसगढी शेतकऱ्याच्या मुलाशेजारी बिहारचा आणि ओडिशाचा मजूर नांदतो. बीरगावास तर स्वतःची महानगरपालिका आहे. आम्हां मराठी मंडळींस मात्र खारून भेटते ती फक्त महादेवघाटावर, कार्तिकी पुन्नीच्या मेळ्यात.

गंमत अशी, की गिरणगावाचे नाव निघताच हेच आम्ही गहिवरतो. १९८२ चा संप आठवतो, नारायण सुर्व्यांची कविता म्हणतो. मग येथून सत्तर किलोमीटरांवरील राजनांदगावची, १८९० च्या दशकात उभी राहिलेली कापडगिरणी आम्हांस परकी का? खारून पुढे ज्या शिवनाथ नदीस मिळते, तिच्याच काठचे हे गाव. ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी १९२० साली महिन्याहून अधिक काळ संप चालविला. ती गिरणी २००२ साली बंद पडली, तेव्हा आमच्या मंडळात कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही.

याहून बोचणारी गोष्ट निराळीच आहे. याच शिवनाथचा सुमारे २३ किलोमीटरांचा प्रवाह १९९८ साली, बोरईच्या कारखान्यांस पाणी पुरविण्याच्या नावाखाली, २२ वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या हाती गेला. काठच्या केवटांस जाळे टाकण्याची आणि शेतकऱ्यांस पाणी उचलण्याची बंदी झाली. हा करार काही दरोडेखोरांनी रातोरात केलेला नव्हे. कोणा कारकुनाने त्याचा मसुदा टंकिला असेल, त्यावर जावक क्रमांक घातला असेल, शिक्का मारला असेल. तो आमच्यासारखाच कोणी. त्यास नदी दिसली नाही. फायलीत कलमे असतात, नदी नसते. त्या जागी आम्ही असतो तर निराळे वागलो असतो काय? छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

तेव्हा आमची सूचना एवढीच, की येत्या गणेशोत्सवातील एक संध्याकाळ बीरगाव-उरल्याच्या कामगारांस द्यावी. त्यांनी आपल्या वस्तीविषयी छत्तीसगढीत बोलावे. भाषा समजत नाही ही सबब कोणी पुढे करू नये. भाजीवालीशी घासाघीस आपण त्याच भाषेत करतो. त्यांच्या जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे आम्ही देऊ.