स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आमच्या समाजात इतकी रुळली आहे की, दुखणाईत माणसासही ती ऐकविताना आम्हांस संकोच वाटत नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीने ग्रासलेल्या एखाद्या तरुणीविषयी देवळाच्या सभामंडपात चालणारी कुजबुज ऐकावी. “काल चालत होती, आज खुर्ची मागते!” “मुळातच हळवी. मन खंबीर ठेवते तर बरी झाली असती.” कोणी पूर्वकर्माचा हवाला देऊन मोकळा होतो. आम्ही व्यवसायाने वकील. पुराव्यावाचून दिलेला निकाल आम्हांस मान्य नाही.

पुरावा असा आहे. फ्रान्समधील वैद्य शार्को यांनी १८६८ साली या व्याधीचे शास्त्रीय वर्णन केले. मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरचे आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती कुरतडते आणि मेंदूचे संदेश वाटेत अडखळतात. व्याधी बहुधा विशी ते चाळिशीत गाठते. पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक. पुष्कळांच्या बाबतीत ती उचल खाते, ओसरते, पुन्हा उलटते. काल चाललेले पाय आज चालत नाहीत, यात ढोंग नाही. उष्म्याने लक्षणे बळावतात. वैशाखातील उत्सवाच्या गर्दीत तिच्या डोळ्यांपुढे धूसर झाले, तर तो भक्तीतील उणेपणा नव्हे.

आता स्वभावाचे पाहू. चिंतातुर रोग्यास जगणे अधिक जड जाते. अडचण ओळखून वाट काढणाऱ्याचे, मदत मागणाऱ्याचे दिवस त्या मानाने सुसह्य होतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तेवढ्याने स्वभाव आरोपी ठरत नाही. ज्या मेंदूत स्वभाव वसतो, त्याच मेंदूवर ही व्याधी घाव घालते. खिन्नता, विस्मरण, कमालीचा थकवा ही पुष्कळदा तिचीच लक्षणे असतात. खिन्नतेवर उपचार आहेत. आणि व्याधी समूळ जात नसली, तरी तिचे उलटणे कमी करणारी औषधे १९९३ सालापासून निघाली आहेत. ज्यास उपचार हवे, त्यास उपदेश पाजणे हा धर्म नव्हे.

शिवाय धीर काही केवळ रोग्याच्याच अंतरात उगवत नाही. तो भोवतालच्यांनीही पुरवावा लागतो. १९९५ च्या कायद्यात या व्याधीचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने तिची गणना दिव्यांगत्वात केली. त्याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे धार्मिक कार्यासाठी लोक वापरतात त्या वास्तूही सार्वजनिक इमारतीच ठरतात. नियम २०१७ साली निघाले. जुन्या वास्तू सर्वांस सुगम करण्यास दिलेली पाच वर्षांची मुदत केव्हाच टळली. दगडी पायऱ्यांशेजारी उतार आणि कठडा आमच्या किती देवस्थानांत आहे? थकलेल्या भक्तास पंख्याखाली पाठीची खुर्ची किती ठिकाणी मिळते? कळसाच्या मुलाम्यास वर्गणी जमते. उतारास लागणाऱ्या चार पोती सिमेंटाची गोष्ट निघाली की सभा बरखास्त होते!

तेव्हा त्या तरुणीस मन खंबीर करावयास सांगण्यापूर्वी महाजनांनी आपले मन खंबीर करावे, आणि येत्या सभेत उताराचा ठराव मांडावा. औषधाची खरी गरज आमच्याच स्वभावास आहे, आणि ते आमच्याच हाती आहे.