नाईलकाठच्या वैद्याचे तीन निर्णय

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये एक लेक आपल्या आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. आईंचे वय ७३. शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. गावात त्यांना सारे ‘बाई’ म्हणूनच ओळखतात. प्राचीन संस्कृतींचा धडा शिकवताना फळ्यावर त्यांनी पिरॅमिडचा त्रिकोण किती वेळा काढला असेल, याची गणती नाही. आता एका सहलीच्या गटाबरोबर इजिप्तला जाऊन तो प्रत्यक्ष पाहावा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. दोन्ही गुडघ्यांत संधिवात, दहा वर्षांचा मधुमेह आणि रक्तदाबासाठी दोन गोळ्या. त्यांतली एक लघवीचे प्रमाण वाढवणारी. बाई पडद्याआड वजन करून घेत असताना लेक खालच्या आवाजात म्हणाली, “डॉक्टर, तुम्हीच नाही म्हणा. माझे ती ऐकायची नाही.”

हे वाक्य मला नवे नाही. त्यामागे माया असते, भीती असते आणि परमुलखात काही झाले तर निभावून न्यायची जबाबदारी आपल्यावरच येणार, हे पक्के ठाऊक असते. तरीही सरसकट ‘नाही’ म्हणणे मला पटेना. त्या दिवशी मला इजिप्तमधल्याच एका वैद्याची आठवण झाली.

१८६२ साली लक्सर येथे एडविन स्मिथ नावाच्या गृहस्थाने पपायरसची एक जुनी गुंडाळी विकत घेतली. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० या काळातील हा लेख म्हणजे त्याहूनही जुन्या वैद्यकीय ग्रंथाची नक्कल आहे. त्यात ४८ रुग्णांच्या जखमा आणि मोडलेली हाडे यांची माहिती डोक्यापासून खालच्या दिशेने क्रमवार मांडली आहे. तपासणी झाल्यावर वैद्याने आपला निर्णय सांगायचा, आणि निर्णय तीनच: या दुखण्यावर मी उपचार करीन, या दुखण्याशी मी झुंज देईन, हे दुखणे उपचारापलीकडचे आहे. कोणत्या अनामिक वैद्याने ही पद्धत घालून दिली, कोण जाणे. पण साडेतीन हजार वर्षांनंतरही ती उपयोगी पडते. मी सहलीचा कार्यक्रम मागवून घेतला आणि आम्ही तिघांनी मिळून त्यातल्या एकेका स्थळावर निर्णय लिहिला: ‘जमेल’, ‘झुंज देऊ’, ‘नको’.

तीच यादी आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी कुणी इजिप्तला जाणार असतील, अथवा घरातल्या कुणाला पाठवणार असतील, तर त्यांना ती कामी येईल.

जमेल

इजिप्तमधले पाहण्याजोगे पुष्कळसे सपाट जमिनीवर आहे, ही पहिली आनंदाची गोष्ट. लक्सरजवळच्या कर्नाक मंदिरातील १३४ खांबांचे दालन सपाटीवर उभे आहे. मधले खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत. तेथे मान वर करण्यापलीकडे फारसे श्रम नाहीत. मात्र मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांनी उभ्याने वर पाहू नये; कुठे तरी टेकून बसावे, मग पाहावे. लक्सरचे मंदिर संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात पाहता येते, त्यामुळे उन्हाचाही जाच नाही.

कैरोमध्ये इजिप्शियन संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०२१ पासून राजघराण्यातील २२ ममी ठेवल्या आहेत. तेथे दुसऱ्या रामसेससमोर दोन मिनिटे जरूर थांबावे. त्याने ६६ वर्षे राज्य केले आणि नव्वदीच्या आसपास देह ठेवला. क्ष-किरण तपासणीत त्याच्या सांध्यांत संधिवात, दातांत रोग आणि धमन्यांत काठिण्य आढळले. ज्याच्या पुतळ्यांनी सारा देश भरून गेला, त्यालाही उतारवयात आपल्यासारखेच चालावे लागले असेल. गुडघे धरून चालणाऱ्या प्रवाशाला याहून मोठा दिलासा कोणता?

झुंज देऊ

काही स्थळे पूर्ण सोपी नाहीत, पण तयारीने साधतात. राजांच्या दरीत साठहून अधिक थडगी आहेत आणि नेहमीच्या तिकिटात त्यांतली तीनच पाहता येतात. म्हणजे निवड करावीच लागते. ती गुडघ्यांना विचारून करावी. चौथ्या रामसेसच्या थडग्यात उतार सौम्य आहे आणि भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. तिसऱ्या थुतमोसच्या थडग्यासाठी आधी उंच जिना चढावा आणि मग खोल उतरावे लागते. ते सोडून द्यावे. तुतनखामेनचे थडगे हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये सापडले. ते लहान आहे, पायऱ्याही थोड्या आहेत. पण त्याचे तिकीट वेगळे असते. रणरणत्या उजेडातून अंधाऱ्या थडग्यात शिरताना डोळे क्षणभर आंधळे होतात. मोतीबिंदू अथवा काचबिंदू असणाऱ्यांच्या बाबतीत हा क्षण लांबतो आणि पडण्याचे प्रसंग नेमके तेथेच येतात. म्हणून दाराशी गॉगल काढून मनात वीस अंक मोजावेत, मगच पुढचे पाऊल टाकावे.

नाईलवरील जहाजाचा प्रवास सुखाचा असतो. तरी दोन प्रश्न नोंदणीपूर्वीच विचारावेत: जहाजावर लिफ्ट आहे का, आणि आपली खोली कोणत्या मजल्यावर? पुष्कळ जहाजांवर नुसते जिने असतात. शिवाय धक्क्यावर जहाजे एकमेकांना लागून उभी राहतात. किनाऱ्यावर जाण्यासाठी मधली दोन-तीन जहाजे ओलांडावी लागतात. अशा वेळी हातात पिशवी नसावी, काठी असावी. फिलेच्या मंदिराकडे मोटारबोटीने जावे लागते. आसवान धरणाच्या पाण्यातून वाचवून हे मंदिर जवळच्या बेटावर हलवले आहे. हलत्या बोटीत चढताना घाई करू नये. आधी इतरांना जाऊ द्यावे आणि नावाड्याचा हात धरावा.

अबू सिंबल ही खरी झुंज. डोंगर कोरून केलेली ही मंदिरे धरणाच्या पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून १९६४ ते १९६८ या काळात कापून, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारली गेली. आसवानहून ती जवळपास २८० किलोमीटरवर आहेत. गट भल्या पहाटे निघतो आणि दुपारी परततो. ज्यांची पाठ इतका वेळ बसू देत नाही, त्यांनी विमानाची सोय होते का, हे विचारावे. बाईंना सर्वांत जास्त ओढ याच जागेची होती, म्हणून आदल्या दिवशी त्यांना पूर्ण विश्रांती द्यायची, असे आम्ही ठरवले.

नको

गिझाचा खुफूचा पिरॅमिड बाहेरून डोळे भरून पाहावा. आत शिरू नये. आत चढणीची एक वाट सुमारे ३९ मीटर लांब आणि जेमतेम १.२ मीटर उंच आहे. कंबरेत वाकून चढायचे, हवा कोंदट, मागेपुढे माणसे. मध्येच दम लागला तर थांबायला जागा नाही. एवढे करून वर पोहोचल्यावर चित्र नाही की कोरीव लेख नाही. ग्रॅनाइटची एक रिकामी शवपेटी तेवढी आहे. हृदयविकार, दमा, गुडघ्यांचे दुखणे किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी ही हौस टाळण्यात काहीच गमावण्यासारखे नाही.

उंटाची रपेटही नको. उंट आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे स्वार जोराने पुढे फेकला जातो. ठिसूळ झालेल्या मणक्याला तो एक हिसका पुरे होतो. लक्सरचा गरम हवेचा फुगा त्याच कारणाने नको. टोपलीच्या उंच काठावरून आत चढावे लागते आणि उतरताना धक्का बसतो. नाईलच्या पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोहही आवरावा. बिलहार्झिया हा कृमींचा रोग गोड्या पाण्यातूनच त्वचेवाटे शरीरात शिरतो. १८५१ मध्ये थिओडोर बिलहार्झ या डॉक्टरांना हे कृमी कैरोतच सापडले. इजिप्तने हा रोग पुष्कळ आटोक्यात आणला आहे, तरी नदी डेकवरूनच पाहावी.

या तीन याद्यांबरोबर आणखी काही सूचना मी लिहून दिल्या. प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावा. उन्हाळ्यात आसवानचा पारा चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यात मात्र पहाटे स्वेटर लागतो. औषधे आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे; विमानाच्या पोटातील थंडीत इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. हिवाळ्यात इजिप्तचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणून इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. गोळ्या मूळ वेष्टनात असाव्यात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकावर तेथे कडक निर्बंध आहेत आणि ते नेल्याबद्दल परदेशी प्रवाशाला तुरुंगवासही घडला आहे. गुडघ्यांसाठी आपल्याकडे लिहून दिल्या जाणाऱ्या काही संयुक्त गोळ्यांत ते असते. तेव्हा वेष्टनावरची नावे वाचून खात्री करावी. प्रवास-विमा काढताना जुने आजार लपवू नयेत.

खाण्याची अडचण वाटते तेवढी नाही. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि तळलेला कांदा यांची कोशरी शाकाहारी असते. मधुमेही व्यक्तीने ती अर्धीच घ्यावी. लाल अंबाडीच्या बोंडांपासून केलेले करकदे नावाचे पेय सर्वत्र मिळते. ते बिनसाखरेचे मागावे. पाणी सीलबंद बाटलीतलेच प्यावे आणि कच्ची कोशिंबीर टाळावी.

यादी पुरी झाली, असे मला वाटले. लेकीलाही धीर आला. आईबरोबर तीही गेली.

पहिले सहा दिवस सारे ठरल्याप्रमाणे झाले. सातव्या दिवशी एडफू आणि कोम ओम्बो ही दोन मंदिरे होती. कोम ओम्बोच्या भिंतीवर शस्त्रक्रियेची अवजारे वाटावीत अशी शिल्पे आहेत. बाईंनी माझ्यासाठी त्यांचे छायाचित्रही काढून घेतले. त्या रात्री जहाजावर जेवायला उठताना त्यांना भोवळ आली. रक्तदाब खाली गेला होता. जलसंजीवनी दिली, पाय उंचावर ठेवले, डॉक्टरांनी येऊन तपासले आणि त्या सावरल्या. दुसरा दिवस विश्रांतीचा ठरलेला होताच. पण त्याच्या पुढच्या पहाटे अबू सिंबलला जाण्याची परवानगी डॉक्टरांनी दिली नाही. आईला सोडून लेकही गेली नाही. जिच्यासाठी सारी यादी आखली, तीच जागा दोघींच्या हातून गेली.

परतल्यावर कारण कळले. बाईंनी त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेतला नव्हता. लघवीची गोळी मात्र नेमाने घेतली होती. “तिथे स्वच्छतागृह कुठे असेल, कसे असेल, बस माझ्यासाठी थांबेल का, हे कोणाला विचारणार?” त्या म्हणाल्या. “गटात पुरुष मंडळी. संकोच वाटला. लेकीलाही बोलले नाही. माझे राहिले त्याचे काही नाही हो, तिचे राहिले.”

मी गप्प बसलो. भरपूर पाणी प्या, हे माझ्या यादीत ठळक अक्षरांत होते. पण पाणी प्यायल्यावर पुढे काय, हा प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता. बाईंची चूक असेल, तर तितकीच ती माझीही होती.

तेव्हापासून माझ्या यादीचा आरंभ बदलला आहे. प्रवासाला निघणाऱ्या ज्येष्ठांच्या मुलामुलींना मी आधी एवढेच सांगतो: गाईडला रोज सकाळी विचारा, आज स्वच्छतागृह कोठे कोठे आहे आणि बस किती वेळ थांबणार आहे. हे आईवडिलांना विचारायला लावू नका. तुम्ही विचारा आणि त्यांना सहज सांगा. खिशात सुटे इजिप्शियन पाउंड आणि कागदी रुमाल ठेवा, कारण तेथे स्वच्छतागृहात पैसे द्यावे लागतात. बसमध्ये पुढची, दाराजवळची जागा मागून घ्या. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बदलू नका, बंदही करू नका. आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्यालाही विनंती: तहान मारून संकोच राखू नका. बस पाच मिनिटे थांबल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

बाईंनी दवाखान्यातून निघताना पर्समधून एक छायाचित्र काढून दाखवले. कोम ओम्बोच्या भिंतीचे नव्हे, गिझाचे. खुफूच्या पिरॅमिडच्या तळाशी, सावलीत, त्या एका दगडाला पाठ टेकून बसल्या आहेत आणि लेक त्यांच्या हाती पाण्याची बाटली देत आहे. “हा पहिल्या दिवसाचा,” त्या म्हणाल्या. “तोवर मी पाणी पीत होते.” मग लेकीकडे पाहून हसल्या. त्या दोघींनी पुढच्या जानेवारीत आसवानला पुन्हा जायचे ठरवले आहे. या वेळी त्यांच्या यादीत एकच स्थळ आहे, आणि त्यापुढे बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: ‘झुंज देऊ’.