ट्यूब लावण्याआधी

सिंदेवाहीकडे रोवणी लागली की दिवसभर बांधीच्या चिखलात, ओल्या कपड्यांत राबून जांघेत, कमरेला गजकर्ण उठते, आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब येते. अशा मलमांत क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड असले तर खाज लवकर थांबते, बुरशी मात्र पसरतच राहते. मला जास्त घोर आहे तो न दिसणाऱ्या नुकसानाचा. हे स्टेरॉइड कातडीतून रक्तात उतरते. ते शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकासारखेच वागते, म्हणून कॉर्टिसॉल भरपूर आहे असे मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीला वाटते, आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना तिचा निरोप जाईनासा होतो, त्या सुस्तावतात. दिवसाला 2 ग्रॅम क्लोबेटासॉल मलमही हे घडवू शकते. मग मलम एकाएकी सुटले, त्यात मोठा ताप किंवा ऑपरेशन आले, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. तान्ह्या बाळांना धोका अधिक: वजनाच्या मानाने त्यांची कातडी मोठी, आणि घट्ट लंगोटाखाली औषध जास्त मुरते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा अनेक मलमांच्या बिनचिठ्ठी विक्रीला मनाई केली. ती गावच्या दुकानापर्यंत पोचलीच पाहिजे. महिनोन्‌महिने ट्यूब लावणाऱ्यांनी ती मनानेच सोडू नये. डॉक्टर सकाळी रक्तातले कॉर्टिसॉल तपासतात आणि गरजेप्रमाणे औषध हळूहळू उतरवतात.