काकांचा निळा स्टोव्ह

परवा माळा आवरताना काकांनी फ्रान्सहून आणलेला कॅम्पिंग गाझचा जुना स्टोव्ह सापडला. राजमाचीला याच्यावरच चहा व्हायचा! म्हटलं, पुन्हा न्यावा. पण याला लागतो सी-२०६, भोक पाडून बसवायचा डबा. इथल्या दुकानांत मला दिसले ते सगळे आट्यांचे. विमानातून आणावा, तर गॅसचे डबे नेऊ देत नाहीत.

मित्र म्हणाला, "काहीतरी जुगाड करू." नको रे बाबा! साध्या सी-२०६ला झडपच नसते. एकदा भोक पडलं की रिकामा होईपर्यंत काढायचा नाही, नाहीतर उरलेला गॅस भस्सकन बाहेर. शेजारी चूल पेटलेली असली तर?

माझं मत सरळ आहे, योग्य डबा नसेल तर स्टोव्ह निवृत्त. आठवणींसाठी हात भाजून घ्यायचे नसतात.

काका, रागावू नका. शोकेसमध्ये मस्त दिसतोय. असो.