शून्याची नोंद

बँकेत एकतीस वर्षं काढली. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय आम्ही कुणी घरी जात नसू. चार आण्यांचा फरकही रात्री नऊपर्यंत बसवून ठेवी. त्यामुळे भंडाऱ्याजवळच्या कोका अभयारण्यात पुतण्या रातवे मोजायला निघाला, तेव्हा वाटलं, मोजणी ती मोजणी, त्यात एवढं काय!

रातवा जुन्या ओळखीचा. वसुलीहून स्कूटरवर परतताना रस्त्यात बसलेला दिसे. दिव्याच्या झोतात डोळे निखाऱ्यासारखे चमकत. चाक अगदी जवळ आलं की उडे. दिवसा पाचोळ्यात असा मिसळतो की पाय पडेपर्यंत कळत नाही. घरटं नाहीच, अंडी उघड्या जमिनीवर. असा पक्षी कानांनीच मोजायचा.

वनखात्याची परवानगी होती. ठरलेल्या जागी दहा मिनिटं ऐकायचं, मग पुढची जागा. पहिल्या रात्री तीन ठिकाणी ‘चक्-चक्’ ऐकू आलं. मी वहीत तीन मांडले.

‘‘काका, गप्प बसलेले कुठे मांडलेत?’’

चांदण्यात रातवा जास्त बोलतो, अंधाऱ्या रात्री कमी. म्हणून त्याच जागी पुन्हापुन्हा जायचं, आणि जिथे पक्षी आहे हे कळलंय तिथेही तो किती रात्री ऐकू आला नाही, यावरून आपली चूक मोजायची. समजा, असलेला रातवा दोन रात्रींतून एकदा सुटतो. मग सलग तीन रात्री सुटण्याची शक्यता आठात एक. शेवटी आकडा ‘इतक्यांपासून इतक्यांपर्यंत’ असा येतो. आमच्या ऑडिटरने तो फेकून दिला असता. मला मात्र तो प्रामाणिक वाटला.

कारण खोट्या नोंदीने काय होतं, ते रानपिंगळ्याने दाखवलंय. (हा घुबडांतला असूनही दिवसा वावरतो.) 1884 नंतर तो कुणाला सापडेना. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी 1914 साली गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला. तोवर शोधणारे भलत्याच ठिकाणी फिरले होते. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षं खात्यावर शून्य, आणि ठेव शाबूत!

म्हणून जंगलातून रस्ता किंवा खाण काढताना अहवालात ‘आढळला नाही’ असं लिहिलेलं असलं, तर मी विचारीन: किती रात्री ऐकलंत? कोणत्या महिन्यात? चांदणं होतं का? ही माहिती नसेल, तर ते शून्य मी तरी पास करणार नाही.

आमच्या सातव्या जागी तीन रात्री शून्यच होतं. चौथ्या रात्री दहा मिनिटं संपली, आम्ही गाडीकडे वळलो, आणि मागून ‘चक्-चक्’ सुरू झालं. मी वही उघडली. पुतण्याने मान हलवली. वेळ संपली होती. त्याने ती नोंद घेतली नाही.