निरोगी देहावरील सुरी

दक्षिण कोरियातील सेऊल येथे 2016 साली जबड्याचे हाड लहान करून घेण्यासाठी शस्त्रक्रियागृहात गेलेला एक तरुण विद्यार्थी अतिरक्तस्रावाने दगावला. शल्यविशारद त्याला अर्ध्यावर सोडून दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे गेला होता. अशा शस्त्रक्रियेत हाडातून जाणारा चेतातंतू दुखावल्यास खालचा ओठ व हनुवटी कायमची बधिर होऊ शकते. रोग नसताना माणूस हे संकट ओढवून घेतो, कारण बाजाराने चेहऱ्यालाही विक्रीचा माल बनविले आहे.

हे श्रीमंतांचे चोचले म्हणून चकलांब्याच्या कार्यकर्त्याने पाठ फिरवू नये. हे गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तेथून दरवर्षी ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांच्या देहावरही सुरी चालली आहे. 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण जवळजवळ 17 टक्के. देशात 15 ते 49 वयोगटात ते सुमारे 3 टक्के आहे. येथे बाजाराला हवे आहे ते अखंड राबणारे शरीर. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच डोक्यावर, आणि खाडा झाला की दंड. फडात न्हाणीचा आडोसाही नाही. मग औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारीवरही कर्करोगाची भीती घालून पिशवी काढली जाते. बीजकोशही काढले गेले, तर पाळी अकाली जाऊन हाडे ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो.

दोन्हीकडे संमतीच्या कागदावर सही वा अंगठा असतो. परंतु दंडाच्या धाकाने उठविलेल्या अंगठ्याला संमती कसे म्हणावे?

कोरियात त्या तरुणाच्या आईने लढा दिला. शस्त्रक्रियागृहात कॅमेरे सक्तीचे करणारा कायदा 2021 साली झाला व 2023 पासून अमलात आला. बीडमध्ये 2019 पासून खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल 2023 मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश राज्यांना दिला. हे आवश्यकच आहे. पण परवानगीचा अंकुश डॉक्टरवर चालतो, मुकादमावर नव्हे. खाड्याचा दंड रद्द व्हावा, पाळीच्या व आजारपणाच्या दिवसांची मजुरी मिळावी, फडावर पाणी, शौचालय व डॉक्टर असावा आणि या साऱ्याची जबाबदारी कारखान्याने उचलावी, ही मागणी टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, उचलीचा करार होतानाच रेटली पाहिजे.