प्रतिकृती आणि पाठभेद

वसईच्या वाडीतील राजेळी केळ बीजाविना, मुनव्यांतून स्वतःची पुनरावृत्ती करते. भेद नसल्याने एकच रोग अवघ्या वाडीस ग्रासू शकतो. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४८ मध्ये मांडले की, स्वतःसारखे यंत्र घडविणाऱ्या यंत्रास आपले वर्णन दोनदा वापरावे लागते : एकदा आज्ञा म्हणून, एकदा केवळ उतरविण्यासाठी. पोथीचा लेखनिक हे दुसरेच काम करतो. तेथे पाठभेद शिरतात. म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करावी लागली. पेशीत मात्र अशा चुकांवरच उत्क्रांती उभी असते. रक्तबीजाच्या थेंबाथेंबातून तोच असुर उठतो. संख्या वाढते, नवे काही घडत नाही. तेव्हा विज्ञानकथा शिकविताना प्रतिकृती किती हुबेहूब, यापेक्षा भेद कोठे शिरला, हे तपासणे अधिक फलदायी ठरेल, असे आम्हांस वाटते.